परक्या हातची भाकरी

दिघीतल्या त्या बोळात कुत्र्यांच्या मालकीचा हिशोब मोठा सोयीचा होता. कुत्रं चावलं की ते कुणाचंच नसे. "आमचं कुठलं वं, येतंय आपलं तुकड्याला," असं जो तो म्हणे. पण त्याच कुत्र्यावर कुणी दगड उचलला, की घराघरातून बायका अशा बाहेर येत, जणू प्रत्येकीनं त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं. इंदुताईला हा हिशोब कळेपर्यंत थंडी सरत आली. तोवर तिच्या लुगड्याचा एक काठ फाटला होता आणि जॉनीच्या कानाला हळद लागली होती.

जॉनी हे तिचं कुत्रं. तांबूस, लोळत्या कानांचं, आखूड पायांचं. लष्कराच्या छावणीतल्या कुणा कॅप्टनची बदली झाली आणि तिथल्या आचाऱ्यानं ते पट्ट्यासकट, साखळीसकट दौलतरावांच्या हवाली केलं. दौलतराव, म्हणजे इंदुताईचे यजमान, दापोडीच्या वर्कशॉपात फिटर. दुसरी पाळी असली की दुपारी सायकलवर टांग टाकत, ते बोळ निजल्यावर परत. तोवर इंदुताई एकटी. खोली बोळाच्या अगदी टोकाला, तिच्या मागं लष्कराचं तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे काय हालतं ते कधी कळायचं नाही. बार्शीच्या भर बाजारपेठेत वाढलेली मुलगी ती. शेजारच्या दुकानदाराची खोकल्याची उबळ ऐकत झोपायची सवय. इथं तिला झोपच लागेना. डोळ्यांखाली काळं आलं, तेव्हा दौलतराव म्हणाले, "तू आपली बार्शीला जा. आई आहे, वहिनी आहे. मी काढीन इथं एकट्यानं दिवस."

सासरही बार्शीचंच. तिथं एक चूल होती आणि तिच्यापुढे बसायला तीन बायका. इथली चूल एकटीची होती. ती भिऊन सोडण्याइतकी इंदुताई खुळी नव्हती. पण भीती तर खरी होती. जॉनी आला आणि तो प्रश्न मिटला. तो दाराला पाठ लावून झोपे, आणि बाहेर पाऊल वाजलं की घशातल्या घशात एकदाच आवाज काढी. इंदुताईला तेवढा पुरे. ती झोपू लागली. दौलतरावांनी मात्र आपली अट स्वच्छ सांगून ठेवली. "हे आहे तोवर तू इथं. याचं काही झालं, याला कुणी फाडलं-बिडलं, तर दुसरं सोंग मी आणणार नाही. सरळ बार्शीची गाडी."

आता या साहेबाच्या कुत्र्याची एक खोड होती. ते अंगणात काही करीत नसे. कितीही अडलं तरी नाही. त्याला साखळी लावायची, बाहेर न्यायचं, आणि पायाखाली गवत आलं की मग त्याचं मोकळं व्हायचं. गवत होतं ते माळावर. माळ होता तो बोळ संपल्यावर, खळ्याच्या पलीकडे. म्हणजे इंदुताईनं रोज सकाळी नि रोज दिवेलागणीच्या आधी, एका हातात पदर नि एका हातात साखळी धरून, सगळ्या बोळाच्या नजरेखालून जायचं.

बाईमाणसानं दावं लावून म्हैस नेली तर कुणी मान वर करून पाहत नाही. कुत्रं नेलं की तमाशा.

"याचे कान हायेत का पदर?" रतनबाई ओट्यावरून विचारायची. पायाला वात, म्हणून ती सदा ओट्यावर. आणि सदा ओट्यावर, म्हणून बोळात काय घडतं ते तिच्या नजरेतून सुटत नसे. तिची दोन कुत्री ओट्याखाली. इंदुताई दिसली की ती दोघं उठायची, घसा फोडून भुंकायची, जॉनीच्या मागल्या पायापर्यंत यायची नि ओट्याची हद्द संपली की माघारी फिरायची. त्यांचं एक वेळ चालेल. ती भुंकतात, म्हणजे कुठं आहेत ते तरी कळतं.

भुऱ्या भुंकत नसे.

भुऱ्या धर्माजीचा. बोळाच्या दुसऱ्या टोकाचं, माळाकडचं घर धर्माजी आणि तानाबाईचं, आणि त्याला लागूनच त्यांचं खळं. भुऱ्या मळकट राखी रंगाचा, उंच, एका डोळ्यावर जुनी खूण. तो भिंतीच्या सावलीतून उठे, मान खाली घालून सरळ जॉनीकडे चालत येई. घाई नाही, आवाज नाही. इंदुताईच्या तळहाताला घाम सुटे नि साखळी निसटू लागे. जॉनी तिच्या लुगड्यात शिरे.

"तानाबाई, अहो तानाबाई, हाक मारा की त्याला."

तानाबाई आतून, बिनघोर म्हणे, "चल म्होरं. काय करत न्हाई त्यो."

एका सकाळी त्यानं केलं. जॉनीचा कान धरला, झटकला नि सोडला. सगळं हूं की चूं न करता. इंदुताईनं ओरडून मूठभर माती फेकली, तेव्हा कुठं तानाबाई बाहेर आली, आणि पहिलं बोलली ते हे, "माती कशाला टाकतीस गं मुक्या जनावराच्या डोळ्यात?"

दौलतरावांनी कानाची जखम पाहिली. हळद लावताना ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे मनात गाडीचं वेळापत्रक पाहणं, हे इंदुताईला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या परीनं उपाय केला. बार्शीच्या पेठेत कुत्री कुणाची नसतात, आणि ज्याच्या हातात तुकडा त्याला ती अडवत नाहीत, एवढंच तिला माहीत. तिनं एक जास्तीची भाकरी थापली. लोणी कढवलेल्या भांड्यातली बेरी तिला चोपडली. भुऱ्या सावलीतून उठला तशी तिनं अर्धी भाकरी लांब टाकली आणि साखळी आखडून पळतच माळ गाठला. येताना उरलेली अर्धी.

आठवडा सरला नसेल, भुऱ्या शेपटी हलवू लागला. मग तो बोळाच्या मध्यापर्यंत सामोरा येऊ लागला. मग तर गंमतच झाली. रतनबाईची दोन उठली की भुऱ्या नुसता वळून त्यांच्याकडे बघे, नि दोघंही ओट्याखाली परत जाऊन, आपण उठलोच नव्हतो अशी अंग चाटत बसत. पुढे भुऱ्या, मध्ये जॉनी, मागं साखळी धरलेली इंदुताई. अशी त्यांची वरात माळावर जाऊ लागली. इंदुताई स्वतःवर खूश होती. एका भाकरीत तिनं सगळा बोळ विकत घेतला, असा तिचा समज.

भाकरीची किंमत तिला अजून कुणी सांगितली नव्हती.

शिवारात ज्वारी काढून झाली. धर्माजीच्या खळ्यावर कणसांचा ढीग पडला. आणि इंदुताईच्या लक्षात आलं, की तानाबाई आता तिच्याशी बोलत नाही. पाणवठ्यावर ती हंडा उचलून बाजूला होते. रतनबाईनं तर टोमणे मारायचंच सोडलं, आणि रतनबाई गप्प म्हणजे काहीतरी मोठं आहे. दिवस कलला की भुऱ्या आता सामोरा येत नसे. तो इंदुताईच्या उंबऱ्यावरच बसलेला असे. ती आत येऊन कडी लावी तरी तो उठत नसे. तिला वाटे, बरं झालं, राखण दुप्पट झाली.

एक दिवस दौलतराव दुपारच्या पाळीला निघायच्या बेतात असताना धर्माजी आला. उंच, वाळका माणूस. खांद्यावर घोंगडी. आत या म्हटलं तरी अंगणातच थांबला. भुऱ्या उंबऱ्यावर होता. त्यानं आपल्या धन्याकडे पाहून शेपटी हलवली, पण उठला नाही.

"बघा," धर्माजी म्हणाला, "आता ह्याला काय म्हणायचं?"

"कुत्रं आहे, बसलंय," दौलतराव म्हणाले.

"त्ये दिसतंय राव मला. माजं खळं उगडं पडलंय आन माजं कुत्रं तुमच्या दारात बसलंय. गेल्या साली भोसरीच्या वाटंवर एक खळं धुऊन नेलं. रातीत. धान्याचा दाणा ठेवला न्हाई. त्या घरचं कुत्रं भुंकलं न्हाई. का न्हाई भुंकलं? आठ-पंधरा दिस आधी कुणीतरी त्येला भाकरी घालत हुतं."

घरात चुलीपुढे बसलेल्या इंदुताईच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे पाणवठा आला, रतनबाईचे मिटलेले ओठ आले, आणि गेल्या कित्येक दिवसांचा सगळा अबोला एकदम समजला. पेठेत जी युक्ती, ती इथं चोराची पहिली पायरी होती. आणि ती ही पायरी भर दिवसा, सगळ्या बोळादेखत, मोठ्या तोऱ्यात चढली होती.

"म्हणजे आम्ही चोर?" दौलतरावांचा आवाज चढला.

"तसं म्हणायचं असतं तर चार माणसं घिऊन आलो नसतो? तुमी चोर न्हाई, त्ये मला कळतंय. पर कुत्र्याला कोण सांगणार? त्येनं एकदा परक्या हातची खाल्ली. आता कुणीबी भाकरी दाखवावी, ह्यो गप. ह्येचा उपाय एकच. तुमच्या बाईनं माज्यासमोर ह्येला दगड घालायचा. नीट, लागंल असा. पुन्हा ह्या उंबऱ्याला शिवणार न्हाई त्यो. न्हाईतर आबाजीला सांगतो, ही खोली मोकळी करून घे."

आबाजी म्हणजे खोलीचा मालक, धर्माजीचा चुलतभाऊ.

"घालू की दगड," दौलतराव लगेच म्हणाले. "त्यात काय एवढं? इंदू, ये गं बाहेर."

इंदुताई उठली. दगड घातला तर भुऱ्या वैरी होणार. भुऱ्या वैरी झाला की बोळ बंद, बोळ बंद झाला की जॉनीचा माळ बंद, आणि मग त्या मुक्याचं पोट फुगण्याआधी बार्शीची गाडी. नाही घातला तर खोलीच जाणार, म्हणजे पुन्हा बार्शीच. पुरुषांनी दोन वाटा दाखवल्या होत्या नि दोन्ही एकाच स्टेशनावर जात होत्या.

ती दारात आली तेव्हा तिला अंगणाच्या कडेला तानाबाई दिसली. नवऱ्याच्या मागोमाग आली असावी, पण पुढे यायला कमीपणा वाटत असावा. दगडाचं नाव निघालं तसा तिचा चेहरा बदलला होता.

"दगड कशापायी?" तानाबाई तिथूनच म्हणाली. "डोळा गेला म्हंजी त्याचा?"

"तू गप," धर्माजी म्हणाला.

"का गप? एवढंसं हुतं तवा कुणी वाढवलं? माज्या हातचं खाऊन वाढलं त्ये." मग ती इंदुताईकडे वळली, आणि खरं दुखणं बाहेर पडलं. "आता दोन दिस झालं, माजी भाकरी हुंगून निगून जातंय. काय घालतीस गं तू असं त्येच्यात? माज्या भाकरीत काय खडे हायेत?"

इंदुताईनं तिच्याकडे पाहिलं. धर्माजीला खळ्याची काळजी होती, पण तानाबाईला आपल्या भाकरीचा अपमान झोंबला होता. खळ्याचं ओझं इंदुताईला पेलण्यासारखं नव्हतं. भाकरीचं होतं.

"बेरी लावते," ती म्हणाली. "तानाबाई, माझं चुकलं. आमच्या पेठेत असं असतं, इथलं मला ठाऊक नव्हतं. पण दगड नको. मी भाकरी करते, तशीच, बेरी लावून. पण त्याला देत नाही. तुमच्या खळ्यावर आणून तुमच्या हातात देते. तुम्ही घाला त्याला. तिथंच खाईल, तिथंच बसेल."

"आन वाटंत?" धर्माजी म्हणाला. "वाटंत टाकला तुकडा तर?"

"तुम्ही खळ्यावरून बघा ना. बोळ सरळ आहे."

धर्माजी बराच वेळ घोंगडी नीट करीत राहिला. "आज सांजंला," शेवटी तो म्हणाला. "वाटंत एक घास जरी त्येच्या तोंडात गेला, तर उद्या दगुड. आन दगुड घातला न्हाई तर खोली."

तो गेल्यावर दौलतराव पायात चपला सरकवत म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? दगड मारून मोकळं झालो असतो." सायकल बाहेर काढताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "जमेल का?" इंदुताई पिठाचा डबा काढायला आत वळली. तिला ते ठाऊक नव्हतं.

दुपारभर तिचं कशात लक्ष लागेना. भाकरी थापताना तिच्या हातून पहिली मोडली. दुसरी फुगली, तिला तिनं बेरी लावली, फडक्यात बांधली, आणि फडकं पदरात घेऊन कमरेला खोचलं. भुऱ्या उंबऱ्यावर हजर होताच. दार उघडलं तशी त्याची नाकपुडी हलली.

रोज इथंच, दारातून निघताना, पहिला तुकडा पडे. आज पडला नाही. भुऱ्या दोन पावलं पुढं गेला, थांबला, वळून पाहू लागला. इंदुताई समोर बघत चालली. बोळाच्या टोकाला खळ्याच्या मेढीजवळ, मधल्या खांबापाशी, घोंगडीची आकृती उभी होती.

"आज लई मोठी यात्रा," रतनबाई ओट्यावरून म्हणाली. म्हणजे बोळाला सगळं ठाऊक होतं. दारांतून बायका डोकावत होत्या.

ओट्यासमोर पोहोचल्यावर जॉनी थांबला. कधी नव्हे तो थांबला, जमीन हुंगली, गोल फिरला. "इथं नको रे," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. ओट्याखालची दोन उठली. रोज भुऱ्या त्यांच्याकडे वळून बघे. आज तो बघत नव्हता. आज तो इंदुताईच्या कमरेकडे बघत होता.

त्यानं नाक तिच्या पदराला लावलं. तिनं पदर ओढून घेतला. त्यानं तो हळूच दातांत धरला, हट्टी पोरानं धरावा तसा. आणि तिनं पुन्हा ओढला तेव्हा तो गुरगुरला. एवढ्या दिवसांत त्याचा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला. तो खोल होता, पायाखालच्या जमिनीतून यावा तसा.

मागं रतनबाईची दोन आली होती. जॉनी तिच्या पायांत घुसला, साखळीचा वेढा घोट्याला बसला. एक तुकडा मोडून लांब फेकला असता तर सगळं क्षणात शांत झालं असतं. तिची बोटं फडक्याच्या गाठीवर गेलीसुद्धा. खळ्यावरची घोंगडी हालली नाही.

तिनं गाठ सोडली नाही. फडकं कमरेतून उपसलं नि सरळ डोक्यावर ठेवलं. आयुष्यात तिनं डोक्यावर कधी साधी पाटी वाहिली नव्हती. पेठेतल्या मुली वाहत नाहीत. एक हात डोक्यावर, एका हातात साखळी, पदर खांद्यावरून घसरलेला, दातांनी फाटलेला. कुणीतरी हसलं. भुऱ्यानं मान वर केली, उडी मारू का असा अंदाज घेतला. ती चालत राहिली. भिऊन पळालं तर ही मागं लागतात, आणि थांबलं तर घेरतात, म्हणून ती धड पळत नव्हती नि धड थांबत नव्हती. मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण मनात देवाला नाही, भुऱ्याला विनवतोय. बाबा, एवढा बोळ पार करू दे. भाकरी तुझीच आहे.

खळ्याच्या कडेला तानाबाई उभी होती. इंदुताईनं फडकं तिच्या हातात दिलं. तानाबाईनं गाठ सोडली. भाकरीचा कोपरा मोडला, आणि भुऱ्याकडे न बघता आधी स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चघळला.

"पीठ जरा भरड हाय," ती म्हणाली.

मग तिनं तुकडा पुढं केला. भुऱ्यानं तो पाहिला. मान वळवून इंदुताईकडे पाहिलं. धर्माजी घसा खाकरून पुढं झाला. इंदुताईला वाटलं, आता डोळ्याची पापणी हलली तरी ते खूण केल्यासारखं होईल. ती माळाकडे बघत उभी राहिली. मागं चटकन आवाज आला. खाण्याचा. मग पुन्हा एकदा.

कुणी तिला जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. ती जॉनीला घेऊन माळावर गेली. त्याचं मोकळं झालं. ती वळली तेव्हा तानाबाई खळ्यावर पायात भुऱ्याला घेऊन बसली होती. खळं मागं पडलं, आणि मग मागून पावलं आली. चारी पायांची, ओळखीची. इंदुताईनं वळून पाहिलं नाही. साखळी ताठ धरून ती चालत राहिली.

"यू, यू," तानाबाईची हाक आली.

पावलं थांबली नाहीत.

"भुऱ्या," आता धर्माजीची. एकदाच, खालच्या पट्टीत.

पावलं थांबली. मग ती लांब जाऊ लागली, खळ्याच्या दिशेनं. धर्माजी कुणाशी तरी मोठ्यानं बोलला, "आबाजीकडं जायचं न्हाई आता. गरज न्हाई."

खोली राहिली होती. पण बोळ पुढे तसाच होता, आणि त्यात आज भुऱ्या नव्हता. हे रतनबाईच्या दोघांना तिच्याआधी कळलं होतं. ती ओट्याखालून निघून वाटेच्या मधोमध उभी होती. इंदुताई थांबली. वाकून तिनं जॉनीला उचललं. तो दिसतो त्याहून जड होता. कडेवर घेतला, साखळी मनगटाला गुंडाळली.

"का गं," रतनबाई ओट्यावरून म्हणाली, "लेकराला चालाय येत न्हाई व्हय?"

"येतं की," इंदुताई म्हणाली. आपलाच आवाज तिला वेगळा लागला. "तुमची दोन आत घ्या, म्हणजे दाखवते चालवून."

"ती काय करत न्हाईत."

"भुऱ्याही काही करत नव्हता, रतनबाई. मला आता घाई नाही. तुम्ही आत घेईपर्यंत मी इथं उभी आहे."

दारांतल्या बायका आत गेल्या नव्हत्या. खळ्यावरून धर्माजी बघत होता. रतनबाईनं कुत्र्यांना हाक मारली. ती आली नाहीत. आजवर त्यांना कुणी आत बोलावलंच नव्हतं, त्यांना ते कळेना. तिनं पुन्हा मारली. मग कपाळाला आठी घालून, गुडघ्यावर हात रोवून, ती ओट्यावरून उतरू लागली. इंदुताईनं जॉनीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाट बघत उभी राहिली.